विहिरीत डिझेल उतरले तर जिवाणू किती पचवतील?



एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. विहिरीच्या काठाशी ठेवलेला डिझेलचा कॅन रात्री कलंडला. सकाळपर्यंत सगळे डिझेल जमिनीत मुरले, आणि आठ-दहा दिवसांनी पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला. पाण्याला वासही येतो. एक शेजारी म्हणतात, काही करू नका, काळी आई सगळे पचवते. दुसरे म्हणतात, टीसीएल पावडर टाका, पाणी स्वच्छ होईल. यांतले खरे कोणाचे, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. दुसऱ्यांचे मात्र मुळीच खरे नाही. टीसीएल पावडर रोगजंतू मारते, तेल खात नाही. उलट तेल खाणारे जे जिवाणू त्या पाण्यात कामाला लागलेले असतात, तेच तिने मरतात. पहिल्या शेजाऱ्यांचे अर्धे खरे कुठवर आणि अर्धे खोटे कुठून सुरू होते, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. कारण ही विहीर घरातल्या लेकराबाळांच्या पिण्याची आहे.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, रंगात घालायचा थिनर यांचा वास आपल्याला दुरूनच येतो. वास येतो याचा अर्थच असा, की त्या पदार्थाचा काही भाग हवेत उडून नाकापर्यंत पोहोचला. असे उडून जाणारे, कर्ब असलेले पदार्थ पाण्यातही थोडे थोडे विरघळतात. त्यांत बेंझीन, टोल्यूइन आणि झायलीन ही नावे महत्त्वाची. ज्या कीटकनाशकाच्या बाटलीवर ‘ई.सी.’ ही अक्षरे असतात, त्यांपैकी पुष्कळांत औषध विरघळवण्यासाठी झायलीनच्या जातीचे द्रावक वापरलेले असते. बाटली उघडताच जो उग्र वास येतो, त्यात या द्रावकाचाही वाटा असतो. म्हणजे ही गोष्ट केवळ पेट्रोलपंपाशेजारच्या गावाची नाही. फवारणीपंप विहिरीच्या थारोळ्यात धुणाऱ्या प्रत्येक घराची आहे.

यांतले बेंझीन सर्वांत वाईट. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाखाव्या भागापेक्षा अधिक बेंझीन असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत असण्यास मुभा आहे. आता हिशेब करा. एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे पावणेनऊ ग्रॅम बेंझीन झाले. ते सगळेच्या सगळे पाण्यात उतरले तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नासते. वीस फूट रुंदीच्या विहिरीत सोळा-सतरा फूट पाणी असेल, तर ते सुमारे एक लाख चाळीस हजार लिटर भरते. म्हणजे एका लिटरला अशा सहा विहिरी. प्रत्यक्षात बरेचसे पेट्रोल हवेत उडून जाते, हे आपले नशीब. डिझेलमध्ये बेंझीन पुष्कळ कमी असते, पण ते पेट्रोलइतके उडतही नाही; ते चिकटून राहते.

आता जिवाणूंकडे वळू. जमिनीतील काही जिवाणूंना तेल म्हणजे अन्नच. शेणात आणि पाचटात जसा कर्ब असतो तसा तेलातही असतो, आणि खनिज तेल हा तरी काय, युगानुयुगे गाडल्या गेलेल्या जीवांचाच अवशेष. तेव्हा ते खाणारे जिवाणू निसर्गात पूर्वीपासून आहेत. तुमच्या शेताच्या मातीतही ते आहेत. तेल सांडले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

पण खाणे म्हणजे केवळ गिळणे नव्हे. भट्टीत लाकूड आहे पण हवा नाही, तर ते जळणार कसे? जिवाणूंचेही तसेच. मातीत हवा खेळती असेल तर हवेतला प्राणवायू त्यांच्या कामी येतो, आणि तोही दोन प्रकारे. बेंझीनचा रेणू म्हणजे सहा कर्बांचे पक्के जोडलेले कडे. ते कडे फोडायला प्राणवायू लागतो, आणि फुटलेले तुकडे खाऊन ऊर्जा काढायलाही प्राणवायूच लागतो. शेवटी उरतो कर्बवायू आणि पाणी. वाफशावरच्या भुसभुशीत, कोमट मातीत हे काम काही आठवड्यांत पुष्कळसे उरकते.

अडचण येते ती खाली, पाण्यात. एक ग्रॅम बेंझीन पूर्ण पचवायला तीन ग्रॅमपेक्षा किंचित अधिक प्राणवायू लागतो. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात मात्र फार तर आठ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. एवढ्यात अडीच मिलिग्रॅमच्या आसपास बेंझीन पचेल. पेट्रोलमध्ये बेंझीनखेरीज इतर तेलेही असतात आणि जिवाणू तीही खातात. तेव्हा एक लिटर पेट्रोल पुरते पचवायचे तर सव्वातीन लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडेल. विहिरीच्या पाण्याला नवा प्राणवायू मिळतो तो वरच्या पृष्ठभागातून, सावकाश. खडकातल्या पाण्याला तेवढाही नाही. म्हणून वरच्या वीतभर मातीत सांडलेले डिझेल आणि पाण्याच्या पातळीवर पोहोचलेले डिझेल यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मग प्राणवायू संपला की काम थांबते का? थांबत नाही, मंदावते. हे समजायला गोबरगॅसची टाकी पाहावी. तिथे हवा नाही, तरी शेण कुजते आणि जळणारा वायू तयार होतो. भाताच्या भरलेल्या खाचरातही पाय टाकला की बुडबुडे वर येतात, ते तेच. प्राणवायू नसताना निरनिराळ्या जातींचे जिवाणू श्वासासाठी निरनिराळ्या वस्तू वापरतात. आधी पाण्यातले नायट्रेट वापरले जाते. मग मातीतले मँगनीज आणि लोखंड, म्हणजे तांबडेपणा देणारा गंज. त्यानंतर गंधकाचे क्षार, म्हणजे सल्फेट. काहीच उरले नाही, की अखेर गोबरगॅसच्या टाकीतली मंडळी कामाला लागतात. एकेक पायरी खाली उतरावी तशी मिळणारी ऊर्जा कमी, आणि म्हणून कामही सावकाश. जे वर आठवड्यांत होते त्याला खाली महिने, कधी वर्षे लागतात.

या पायऱ्या नुसत्या डोळ्यांना आणि नाकालाही थोड्याफार कळतात. शेंदून काढलेले स्वच्छ पाणी तासाभरात तांबूस गढूळ झाले, तर त्यात विरघळलेले लोखंड हवा लागून पुन्हा गंजले असे समजावे. नासक्या अंड्यासारखा वास आला तर गंधकाची पायरी आली. या खुणा इतर कारणांनीही दिसू शकतात. पण तेलाच्या वासाबरोबर आल्या तर त्यांचा अर्थ स्पष्ट आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. नायट्रेटने जिवाणूंना श्वास मिळतो हे वाचून कोणी विहिरीत युरिया टाकू नये. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा वाढले की ते पाणी तान्ह्या मुलांना घातक ठरते. खतांमुळे आपल्या कित्येक विहिरींत ते आधीच चढलेले आहे.

बेंझीनसारखे पक्के कडे प्राणवायूवाचून फुटणारच नाही, असे पूर्वी शास्त्रज्ञ समजत. अमेरिकेत डेरेक लव्हली यांनी पोटोमॅक नदीच्या गाळातून एक जिवाणू वेगळा काढला. बेंझीनचे भावंड असलेले टोल्यूइन हा जिवाणू लोखंडाच्या जोरावर, प्राणवायूवाचून फोडतो, हे १९८९ साली त्यांनी दाखवून दिले. त्याच जातीचे काम जमिनीत प्रत्यक्ष पाहायला मिळाले ते मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ. तिथे २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची नळवाहिनी फुटली आणि सुमारे सतरा लाख लिटर तेल वाहून गेले. बरेचसे उपसून व जाळून काढले, तरी सुमारे चार लाख लिटर जमिनीतच राहिले. तेथील भूगर्भ खात्याने १९८३ पासून त्या जागेवर भोके पाडून वर्षानुवर्षे पाणी तपासले. भूजल ज्या वेगाने पुढे सरकत होते त्या मानाने दूषित पाणी बरेच लांब जायला हवे होते. पण १९९६ पर्यंत ते सुमारे दोनशे मीटरच गेले होते. वाटेत जिवाणू ते खात होते. कडेला प्राणवायूवर जगणारे, आत लोखंडावर जगणारे, आणि अगदी मध्यभागी गोबरगॅस करणारे. तेलाचा मुख्य साठा मात्र कित्येक वर्षांनंतरही जागेवरच होता, हेही विसरू नये.

काळी आई सगळे पचवते याचा हा पुरावा, असे पहिले शेजारी म्हणतील. पण बेमिजीची जमीन वाळूची आहे. वाळूच्या कणाकणाभोवती पाणी सावकाश झिरपते, आणि प्रत्येक कणावर जिवाणूंची वस्ती असते. आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक. पाणी मुरते तेही भेगांतून आणि विहिरीला झरा लागतो तोही भेगेचाच. भेगेत शिरलेले डिझेल फार थोड्या जिवाणूंच्या हाती लागते आणि पाण्याबरोबर झटकन पुढे जाते. तुमच्या बांधावर सांडलेले शेजाऱ्याच्या विहिरीत निघू शकते. तेव्हा तिकडच्या वाळूचा दाखला इकडच्या कातळाला लावता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऊस लावणाऱ्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या उसातून निघालेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ साली देशाने वीस टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले. साखर कारखान्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. परंतु असे पेट्रोल जमिनीत गळले तर काय होते? गव्हाणीत हिरवा मका आणि वाळके सरमड एकत्र टाकले तर जनावर आधी मक्यावर तोंड टाकते. जिवाणूंना इथेनॉल हा हिरवा मका. ते पाण्यात पूर्ण विरघळते, पचायला सोपे, आणि ते खाता खाता पाण्यातला सगळा प्राणवायू संपतो. बेंझीन मागे राहते आणि एरवीपेक्षा अधिक लांब जाते. इथेनॉल स्वतः बेंझीनइतके विषारी नाही, पण ते असल्याने बेंझीनचा निकाल लांबतो. पेट्रोलपंपाच्या टाकीची गळती आता पूर्वीपेक्षा अधिक गंभीरपणे घ्यायला हवी, ती यामुळे.

आतापर्यंत सांगितले त्यावरून हवा चांगली आणि हवेविना वाईट, असा समज होईल. पण एका जातीच्या पदार्थांत गाडी नेमकी उलटी चालते. औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग धुऊन वंगण काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन वापरले जाते. कपड्यांच्या कोरड्या धुलाईत त्याचे थोरले भावंड, परक्लोरोएथिलीन. यांत कर्बाला क्लोरीन जोडलेले असते, म्हणून हे पाण्याहून जड. डिझेल तरंगते तर हे बुडते. तवंग दिसत नाही, आणि विहिरीच्या तळाशी, खडकाच्या भेगांत ते जाऊन बसते. परक्लोरोएथिलीनवर चार क्लोरीन लादलेले असतात, आणि प्राणवायू वापरणारे जिवाणू त्याला सहसा हातच लावत नाहीत.

१९९७ साली अमेरिकेतील इथाका शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या गाळातून निघालेला एक जिवाणू प्रसिद्ध झाला. त्याला प्राणवायू बिलकूल चालत नाही. प्राणवायूच्या जागी तो हेच क्लोरीनचे पदार्थ श्वासाला वापरतो. एकेक क्लोरीन काढत चारावरून तीन, तीनावरून दोन, दोनावरून एक करतो, आणि शेवटी उरतो एथिलीन वायू. रायपनिंग चेंबरमध्ये केळी पिकवायला सोडतात तोच हा वायू. परंतु एक क्लोरीन उरलेली जी पायरी आहे, तिचे नाव व्हिनाइल क्लोराइड. ते मूळ पदार्थाहून अधिक घातक आहे, आणि त्यानेही कर्करोग होतो. काम त्याच पायरीवर थांबले तर पाणी पहिल्यापेक्षा वाईट झाले म्हणायचे. पुढे प्राणवायूची जागा आली तर मात्र तिथले दुसरे जिवाणू व्हिनाइल क्लोराइड खाऊ शकतात. म्हणजे आधी हवेविना आणि मग हवेत, असा क्रम लागतो.

या जिवाणूंना हवा नको म्हणून परदेशांत अशा जागी जमिनीत नळ्या घालून मळी किंवा सोयाबीनचे तेल सोडतात. ते खाताना इतर जिवाणू प्राणवायू संपवतात आणि क्लोरीन काढणाऱ्यांना रान मोकळे होते. पेट्रोलच्या गळतीत जे गोड खाणे आड येते, तेच येथे औषध ठरते. तेव्हा पाण्यात काय उतरले आहे हे कळल्यावाचून कोणताही उपाय करू नये. आणि हा मळीचा उपाय तज्ज्ञांच्या देखरेखीचा आहे, आपण विहिरीवर करून पाहण्याचा नाही.

जिवाणूंच्या पुड्या विकणाऱ्यांविषयीही दोन शब्द. तेल खाणाऱ्या जिवाणूवरून मोठा खटला झाला होता. आपल्या बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत असा जिवाणू प्रयोगशाळेत घडवला, आणि १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला पेटंट देण्यास मान्यता दिली. दिल्लीच्या टेरी संस्थेनेही तेल खाणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण तयार केले असून तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर ते वापरले गेले आहे. मोठ्या गाळाच्या ढिगाला त्याचा उपयोग आहे. आपल्या कॅनभर डिझेलला पुडीची गरज नाही. खाणारे जागेवर आहेतच. त्यांना हवा, ओल आणि थोडे नत्र हवे.

आता करायचे काय ते सांगतो. डिझेल मातीवर सांडले की पाणी मारून ते धुऊ नका, साबणाची पावडरही टाकू नका. त्याने ते अधिक खोल जाते. वास येणारी माती त्याच दिवशी खणून काढा. विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला जाड ताडपत्री अंथरा आणि भोवती बांध घाला. त्यावर ती माती वीतभरापेक्षा कमी जाडीने पसरा. चार-पाच पाट्या मातीला एक पाटी कुजलेले शेणखत मिसळा. पाच लिटर डिझेल सांडले असेल तर सुमारे अर्धा किलो युरिया दोन-तीन वेळा विभागून द्या, कारण तेलात कर्ब भरपूर आणि नत्र नाही. माती वाफशावर ठेवा, चिखल होऊ देऊ नका, आठवड्याला एकदा खालीवर करा. पावसात झाकून ठेवा. आपल्या हवेत तीन ते सहा महिन्यांत वास जातो. तरी ती माती भाजीच्या वाफ्यात घालू नये; बांधावर, झाडोऱ्यात टाकावी. पेट्रोल सांडले असेल तर जवळपास विडी-काडी नको आणि मोटारीचे बटणही दाबू नका. इंजिनातले जळके ऑइल मात्र या ढिगात मुळीच घालू नये. त्यात धातू असतात, आणि धातू कोणताच जिवाणू पचवू शकत नाही.

विहिरीत तवंग आला असेल तर पिणे, स्वयंपाक आणि आंघोळ, तिन्ही थांबवा. पाणी उकळून घेतो म्हणाल तर उडालेले बेंझीन चुलीपाशी बसलेल्या घरधनिणीच्याच छातीत जाते. गरम पाण्याच्या आंघोळीतही तेच. तवंग गोणपाटाने किंवा भुश्याच्या पोत्याने वरच्यावर टिपा. पण विहिरीत उतरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत तळाशी साठते. तिने माणूस गुदमरतो आणि ठिणगीने भडकाही उडतो. विहीर एकदम तळापर्यंत उपसण्याचीही घाई करू नका, कारण पाणी खाली गेले की भोवतालच्या जमिनीतले तेल विहिरीकडेच ओढले जाते. शेजारच्या विहिरींच्या मालकांना त्याच दिवशी सांगा.

पाणी तपासायला देताना नुसते ‘पाणी तपासा’ म्हणू नका. नेहमीच्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि रोगजंतू पाहतात. बेंझीन पाहत नाहीत. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ‘तेलाचा वास येतो, बेंझीन-टोल्यूइन पाहायचे आहे’ असे लिहून द्या. ती सोय तिथे नसेल तर कुठे आहे ते तेच सांगतील. पेट्रोलपंप किंवा कारखाना जवळ असेल तर ग्रामपंचायतीमार्फत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्धवट भरून नेऊ नये. वाटेतच सगळे उडून जाईल आणि कागदावर पाणी निर्मळ ठरेल. स्वच्छ काचेची बाटली काठोकाठ भरावी, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, बूच घट्ट लावावे आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी.